वाण, पाठ आणि तुल्यता : अवर्षणप्रवण प्रदेशातील मक्याच्या इतिहासाकडे पाहताना

झाशीतील इलाइट चौराहा मराठी वाचकाच्या परिचयाचा असण्याचे कारण नाही. त्याच्या मनातील झाशी म्हणजे नेवाळकरांचे संस्थान, किल्ला आणि विष्णुभट गोडसे यांनी आतून पाहिलेला वेढा. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे मराठी चरित्र १८९४ सालचे, वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी १९४६ची आणि महाश्वेता देवी यांचा बंगाली ग्रंथ १९५६चा. या त्रयीवर तौलनिक अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे व ते योग्यच आहे. मात्र या चौराह्याकडून ग्वाल्हेरच्या दिशेने निघाले की पहूज धरणाच्या परिसरात आणखी एक झाशी लागते, तिची नोंद आपल्या वाङ्मयविचारात जवळजवळ नाही. १९६२ साली स्थापन झालेली भारतीय चराई व चारा संशोधन संस्था येथे आहे. १९८८ साली सुरू झालेले कृषिवानिकीचे केंद्रही येथेच आहे. २०१४च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाचे स्थानही हेच. एका मराठी राणीचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ गवत, चारा आणि कोरडवाहू पिके यांच्या शेजारात उभे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या झाशीशी निगडित आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने पिकांच्या वाणांविषयी लिहावे का, हा प्रश्न मला एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे. वाणांच्या चाचण्यांचे अहवाल वाचताना एक शब्द सतत भेटतो : ‘तुल्य वाण’. नव्या वाणाची जोखणी निरपेक्षपणे होत नाही. त्याच्या शेजारी, त्याच मातीत, त्याच हंगामात आधीपासून मान्य असलेला एखादा वाण पेरला जातो आणि त्याच्याशी तुलना करूनच नव्याचे मोल ठरते. तुलना हीच ज्यांच्या शास्त्राची रीत आहे त्यांनी तुल्य वाणाची निवड कोण करतो, कोणत्या गुणांवर तुलना होते आणि कोणते गुण तक्त्याच्या बाहेर राहतात, हे विचारणे अप्रस्तुत ठरू नये. मक्याच्या बाबतीत तर या प्रश्नांची उत्तरे अवर्षणाच्या प्रदेशातील शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन पोहोचतात.

आरंभ नावापासून करणे सोयीचे. मका मूळचा मेक्सिकोचा, परंतु जुन्या जगातील भाषांनी त्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी देशाचे नाव दिले. इटालियन भाषेत तो तुर्कांचा दाणा झाला, तर तुर्की भाषेत त्याचे नाव आणि इजिप्तचे नाव एकच आहे. इंग्रजांनी त्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटले. आपल्याकडील ‘मका’, ‘मक्का’ ही नावे मक्केशी जोडली जातात. तमिळमध्ये ‘मक्काचोळम्’ आणि तेलुगूत ‘मोक्कजोन्न’ असे म्हणतात, म्हणजे तेथे तो ज्वारीचा एक परका भाऊ ठरतो. मराठीने ज्वारीचा हा आधार ठेवला नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘मका’ स्वतंत्र शब्द म्हणून येतो. ही नामावली मनोरंजक असली तरी तिच्यातून एक गोष्ट निश्चित कळते. दख्खनच्या कोरडवाहू शेतीत मक्याला आपले स्थान ज्वारीच्या शेजारी, ज्वारीशी तुलना होतच मिळवावे लागले. म्हणून मक्याचा इतिहास ज्वारीच्या इतिहासावाचून लिहिता येत नाही.

मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात पाऊस आणि दुष्काळ यांचा शास्त्रीय विचार बराच जुना आहे. इलाख्याचे शेतकी संचालक राहिलेले हॅरल्ड मान यांनी १८६५ ते १९३८ या कालखंडातील पावसाचा अभ्यास केला, तो १९५५ साली ग्रंथरूपाने आला. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले होते. पुढे १९३३पासूनच्या दोनतीन वर्षांत सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशा पाच ठिकाणी केंद्रे निघाली. या कार्याचे प्रमुख नाव म्हणजे ना. वि. कानिटकर. ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९४४चा. कानिटकरांच्या पिढीचा भर वाणापेक्षा मातीवर होता : बांधबंदिस्ती, खोल नांगरट, वारंवार कोळपणी, दोन ओळींतील वाढवलेले अंतर. पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे आणि मुरलेले उडू देऊ नये, हे त्यांचे सूत्र. बियाणे बदलून अवर्षणावर मात करता येईल ही कल्पना त्या काळी गौण होती.

गौण असली तरी ती अनुपस्थित नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक वंश निवडला गेला. ‘मालदांडी ३५-१’ या नावाने तो आजही रब्बीच्या पट्ट्यात पेरला जातो. निवडीची पद्धत योहान्सनने १९०३ साली मांडलेल्या शुद्ध वंशाच्या सिद्धांतावर उभी होती. शेतकऱ्याच्या शेतात असलेला वाण म्हणजे वस्तुतः अनेक वंशांचे मिश्रण असते. त्यातील वेगवेगळी कणसे घेऊन प्रत्येकाची ओळ स्वतंत्र पेरायची, ओळींची परस्परांशी तुलना करायची आणि सरस ठरलेली ओळ वाढवायची.

त्याच इलाख्यात, त्याच दशकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. सी. सुकथनकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. त्यांनी १९२५ साली प्रमुख संपादकत्व स्वीकारले आणि आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. दोन्ही कार्यांचे मूळ साहित्य एकाच प्रकारचे आहे : पिढ्यान्पिढ्या हस्तांतरित होत आलेली, प्रत्येक हातात किंचित बदललेली, मिश्र झालेली परंपरा. दोन्हीकडे त्या मिश्रणातून एक प्रमाण रूप काढावयाचे आहे. परंतु साम्य येथे संपते. सुकथनकरांनी स्वीकारलेल्या पाठाखाली त्यागलेले पाठभेद छापले. मोहोळच्या निवडीत मागे राहिलेल्या ओळींना अशी तळटीप नव्हती. त्या पुन्हा शेतकऱ्याच्या कणगीत गेल्या आणि सुधारित वाण पसरला तसतशा विरळ झाल्या. पिकांच्या पाठभेदांची पद्धतशीर जपणूक पुष्कळ नंतर आली : हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट १९७२ साली आणि दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती जनुक संपदा ब्युरो १९७६ साली. गोडशांच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण येथे आठवते. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली तो हात फिरवून प्रसिद्ध केला, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांना मिळण्यास दत्तो वामन पोतदारांच्या १९६६च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. हस्तलिखित उरले होते म्हणून ते शक्य झाले. बियाण्याचे तसे होत नाही. दोनचार हंगाम पेरले गेले नाही, तर त्याची उगवणशक्तीच जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाची मांडणीच बदलली. अमेरिकेत शल यांनी १९०८-०९च्या सुमारास मक्याच्या संकराचे तत्त्व मांडले आणि जोन्स यांनी दुहेरी संकराची युक्ती काढून बियाण्याचे उत्पादन व्यवहार्य केले. १९३४ आणि १९३६च्या भीषण अवर्षणांत तेथील संकरित मका शेजारच्या जुन्या मक्यापेक्षा अधिक तग धरून राहिला आणि शेतकऱ्यांचा विश्वास बसला. म्हणजे संकरित मक्याची कीर्तीच दुष्काळात झाली. हा अनुभव घेऊन रॉकफेलर प्रतिष्ठान १९४३ साली मेक्सिकोत गेले आणि तेथून भारतात आले. १९५७ साली अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला. पिकांच्या समन्वित संशोधनाचा हा या देशातील पहिलाच प्रयोग, आणि पुढे इतर सर्व पिकांनी त्याचाच साचा उचलला. १९६१ साली गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे चार संकर प्रसारित झाले. १९६७ साली आलेल्या सहा संमिश्र वाणांची नावे अंबर, जवाहर, किसान, विजय, विक्रम, सोना अशी होती. या नावांतून त्या दशकाचे राजकीय मन दिसते. नद्या, पराक्रम, पंतप्रधान, शेतकरी, सुवर्ण. कोल्हापूरच्या मका संशोधनातून पुढे आलेल्या पंचगंगा, करवीर, राजर्षी या वाणांची नावे त्या मानाने आपल्या गावाशी व गावाच्या राजाशी अधिक इमान राखतात.

संकर आणि संमिश्र यांतील भेद आपल्या वाचकांसाठी नोंदवला पाहिजे. संकरित मक्याचे बी शेतकऱ्याने घरी राखून पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत त्याचा जोम उतरतो, त्यामुळे दर हंगामाला बी विकत घ्यावे लागते. संमिश्र वाण अनेक वंशांच्या मुक्त मिलनातून घडवलेला असतो आणि त्याचे बी काही वर्षे घरचे वापरता येते. पाऊस नक्की नसलेल्या शेतात पहिली पेरणी वाया जाऊन दुबार पेरणीची पाळी येते. अशा वेळी घरात बी असणे आणि नसणे यांतील अंतर केवळ आर्थिक राहत नाही. उत्पन्नाच्या तक्त्यात मात्र संकर बहुधा वरच्या ओळीत असतो, कारण दुबार पेरणीचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

या तक्त्याच्या शास्त्रात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले पानसे यांनी मिळून लिहिलेला ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हा ग्रंथ १९५४ साली निघाला. भारतातील कोणत्याही कृषी विद्यापीठाचा प्रबंध उघडला तर संदर्भांत ‘पानसे आणि सुखात्मे’ ही जोडी भेटण्याची शक्यता फार. मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात या ग्रंथाला स्थान नाही, कारण तो इंग्रजीत आहे आणि वाङ्मय नाही. परंतु तुलनेची शिस्त म्हणजे काय, हे शिकवणारा याहून अधिक वाचला गेलेला मराठी माणसांचा ग्रंथ मला ठाऊक नाही. समान वागणूक, यादृच्छिक मांडणी, पुनरावृत्ती, आणि फरक खरा की योगायोगाचा हे ठरवण्याची मर्यादा, हे सारे त्यात आहे. समन्वित चाचण्यांत नव्या वाणाला सांकेतिक क्रमांक दिला जातो. त्यामुळे तो कोणत्या केंद्राचा हे पेरणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था असते. आपल्या नियतकालिकांतील परीक्षणपद्धतीला हेवा वाटावा असा हा निनावीपणा आहे.

अवर्षण सोसण्याची परीक्षा कशी घ्यावी, हा त्यातील अवघड भाग. मक्याच्या झाडावर नर आणि मादी वेगवेगळ्या जागी असतात. शेंड्यावरच्या तुऱ्यातून पराग झडतात आणि मधल्या कणसातून निघालेले केस ते झेलतात. प्रत्येक केस एका दाण्याचा. पाणी पुरेसे असेल तेव्हा दोहोंची वेळ जवळजवळ जुळते. ताण पडला की तुरा आपल्या वेळेला येतो, परंतु केस निघण्यास विलंब होतो. ते बाहेर पडतात तोवर पराग संपलेला असतो आणि कणीस विरळ दाण्यांचे किंवा रिकामेच राहते. ज्वारीच्या फुलात दोन्ही अंगे एकत्र असल्याने तिला हे संकट या रूपात भेटत नाही. पाण्याअभावी ज्वारी काही काळ वाढ थोपवून धरते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. मक्याला फुलोऱ्याच्या त्या पंधरवड्यात दुसरी संधी नसते.

मेक्सिकोतील सिमिट संस्थेने ‘तुश्पेन्यो’ नावाच्या मक्यावर १९७०च्या दशकात जो प्रयोग आरंभला, तो याच ठिकाणी लक्ष ठेवून. पाऊस नसलेल्या हंगामात मका पेरायचा, ठरलेल्या वेळी पाणी तोडायचे, आणि त्या कृत्रिम दुष्काळात ज्यांचे केस वेळेवर निघतात अशी झाडे निवडत जायचे. निवडीच्या आठ फेऱ्यांनंतर बोलान्योस आणि एडमीड्स यांनी १९९३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांतील महत्त्वाची गोष्ट अशी की, सुधारलेला मका जमिनीतून काही विशेष अधिक पाणी ओढत नव्हता. त्याने आपल्याजवळचे अन्न कणसाकडे वळवले होते आणि तुरा व केस यांतील अंतर कमी केले होते. अवर्षणसहिष्णुता हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे खोल मुळे येतात. येथे मात्र तिचा अर्थ झाडातल्या झाडात अन्नाची वाटणी बदलणे असा झाला. आफ्रिकेतील आणि पुढे हैदराबादहून चाललेली आशियातील मक्याची कामे याच वाटेने गेली.

आता पुन्हा झाशीकडे येऊ. बुंदेलखंडाचे अवर्षण सोलापूरच्या अवर्षणाहून वेगळ्या जातीचे आहे. झाशीची वार्षिक सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सोलापूरपेक्षा बरीच अधिक. परंतु हा पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो, मध्ये मोठे खंड पडतात, आणि खालची जमीन पुष्कळ ठिकाणी उथळ, तांबडी व खडकावरची आहे. तेथील शेतकरी मातीला राकड, पडुआ, काबर, मार अशा चढत्या क्रमाने ओळखतो. पहिल्या दोन तांबड्या, पुढच्या दोन काळ्या. राकडमध्ये दहा-बारा दिवसांचा खंड म्हणजे अवर्षणच. हाच खंड मक्याच्या फुलोऱ्यात आला तर काय होते हे वर आलेच आहे. पेरणीच्या वाणाची शिफारस जिल्ह्यानुसार करण्याऐवजी मातीच्या खोलीनुसार करावी, हा विचार राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीत प्रत्यक्षात आणला आहे : हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. राकड आणि मार यांना मक्यातही अशी वेगळी नावे मिळाली असती तर बुंदेलखंडाचे भले झाले असते, असे माझे मत आहे.

परंतु झाशीच्या संस्थेने मक्याकडे दाण्याच्या बाजूने पाहिलेच नाही. तेथून चालणारा चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७०चा. त्याच्या मध्य विभागात झाशीबरोबर राहुरी आणि मणिभाई देसाईंच्या प्रेरणेने उभे राहिलेल्या ‘बायफ’चे उरुळीकांचनही येते. भाषावार नकाशाने दूर केलेले बुंदेलखंड आणि दख्खन चाऱ्याच्या नकाशावर असे एकत्र नांदतात. या चाचण्यांत दीर्घकाळ तुल्य वाण म्हणून पेरला गेलेला मका म्हणजे ‘आफ्रिकन टॉल’. नाव आफ्रिकेचे असले तरी तो प्रसारित केला राहुरीच्या विद्यापीठाने, १९८०च्या दशकाच्या आरंभी. तो संमिश्र वाण आहे. उंच, रुंद पानांचा, हेक्टरी पाऊणशे किलो बी लागणारा. साठ ते सत्तर दिवसांत, म्हणजे फुलोरा ते दुधाळ दाणा या टप्प्यात तो कापला जातो.

या टप्प्याचे महत्त्व दाण्याच्या हिशेबात गुंतलेल्या अभ्यासकांच्या लक्षात सहसा येत नाही. चाऱ्याचा मका ज्या सुमारास कापतात, त्याच सुमारास दाण्याच्या मक्याची परीक्षा सुरू होते. तुरा आणि केस यांची भेट चुकली काय आणि साधली काय, गाईला फरक पडत नाही. म्हणजे ज्या दुबळेपणावर मात करण्यासाठी मेक्सिकोत निवडीच्या आठ फेऱ्या कराव्या लागल्या, तो दुबळेपणा पिकाचा उपयोग बदलताच बहुतांशी गैरलागू ठरतो. शिवाय ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडयुक्त विष तयार होते आणि ती खाऊन जनावरे दगावतात. मक्यात ते भय नाही. मक्याच्या ताटात अवर्षणात नायट्रेट साठू शकते, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. आणि पाणी अजिबातच नसेल तर कोणताही मका ज्वारीची बरोबरी करीत नाही, हेही सांगितले पाहिजे. आफ्रिकन टॉलचे भरघोस आकडे सिंचनाखालचे असतात.

बुंदेलखंडात चारा हा प्रश्न किती तीव्र आहे हे ‘अन्ना प्रथा’ या एका शब्दावरून समजते. पिके निघाल्यावर भाकड जनावरे मोकळी सोडण्याची ही जुनी रीत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील लागोपाठच्या दुष्काळांनंतर तिला हंगाम उरला नाही. चारा नाही म्हणून जनावर सुटते, सुटलेले जनावर उभे पीक खाते, आणि पीक राखण्यासाठी शेतकरी रात्री जागतो. २००९ साली केंद्राने या प्रदेशासाठी ७,२६६ कोटी रुपयांची विशेष योजना मंजूर केली, तिचा मोठा भाग पाण्याच्या कामांवर होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गायराने वनखात्याच्या ताब्यात गेल्याने जनावरांना चरावयास जागा उरली नाही अशी तक्रार केली होती. ती दख्खनविषयी असली, तरी तिच्यातील कारणमीमांसा अन्ना प्रथेच्या चर्चेतही उपयोगी पडते. गाय आणि पीक यांचे वैर निसर्गाने घडवलेले नसून कुरणाच्या मालकीतून आलेले आहे, हे फुल्यांना दिसले होते.

या पार्श्वभूमीवर ज्वारीच्या संकराची कथा पुन्हा वाचावी. १९६४ साली सी.एस.एच. १ हा पहिला ज्वारी संकर आला. खरिपात संकरांनी मोठा पल्ला गाठला, पण रब्बीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मालदांडी ३५-१ हलली नाही. कृषी विस्ताराच्या जुन्या लेखनात याचे खापर शेतकऱ्याच्या रूढिप्रियतेवर फोडलेले आढळते. हे निदान मला मान्य नाही. सोलापूरचा शेतकरी दाण्याबरोबर कडब्याचा आणि भाकरीच्या चवीचाही भाव करीत होता. बुटक्या संकरात कडबा कमी, आणि दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी दाण्याहून मोलाची ठरते. त्याने तुलना केली होती. फक्त त्याचे रकाने अधिक होते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा त्यातील चवीचा एक रकाना सरकारदप्तरी उशिरा का होईना नोंदला गेला.

चारा प्रकल्पाच्या तक्त्यांत हिरवा चारा, शुष्क पदार्थ, प्रथिने, दर दिवसाची उत्पादकता असे रकाने असतात, आणि दाण्याच्या प्रकल्पाच्या तक्त्यांत प्रामुख्याने दाणा. दोन प्रकल्पांचे दोन तक्ते, दोन वार्षिक बैठका, दोन तुल्य वाण. झाशी जिल्ह्यातला किंवा ललितपूरकडचा शेतकरी मात्र एकाच शेतात एकच मका पेरतो, पाऊस राहिला तर कणसे मोडतो आणि खंड पडला तर उभे पीक कापून गोठ्यात टाकतो. कोणत्या दिवशी निर्णय घ्यायचा हे त्याला आकाश पाहून ठरवावे लागते. या दोन्ही शक्यता पोटात घेणारा वाण, म्हणजे चाऱ्यासाठी कापला तरी चालेल आणि ठेवला तरी भरेल असा, कोणत्या तक्त्यात तपासायचा? दुहेरी उपयोगाच्या वाणांचा विचार ज्वारीत मालदांडीमुळे आपोआप झाला. मक्यात तो दोन कार्यालयांमध्ये अडकून राहिला आहे.

आफ्रिकन टॉलचे बी उत्तर भारताच्या बाजारांत त्याच नावाने विकले जाते. घेणारा ते आफ्रिकेचे समजतो. पिशवीवर राहुरीचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरात असतो. मक्याच्या वाट्याला हे पूर्वीही आले आहे.